माजिवडा ते सिंगापूर, साडेपाच तास

सिंगापूर किती लांब आहे, हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की त्याची मोजदाद नाही, आणि मी त्यातल्या एकालाही किलोमीटरमध्ये उत्तर दिलेलं नाही. ठाण्याला टेंभी नाक्याजवळ पहिल्या मजल्यावर माझं विमानाच्या तिकिटांचं ऑफिस आहे. खाली साड्यांचं दुकान, शेजारी दंतवैद्य. त्यामुळे गाल धरून आलेली माणसंही चुकून माझ्यासमोर येऊन बसतात, आणि दोघातिघांनी तर दाढ दाखवायच्या आधी बँकॉकची चौकशी करून घेतली आहे. आता धंदा माझी भाची बघते. मी सकाळची जाऊन बसते, चहा पिते, आणि ज्यांना मोबाइलवरून तिकीट काढता येत नाही किंवा येत असूनही धीर होत नाही, अशांशी बोलते. अशी माणसं कमी होत चालली आहेत, पण अजून संपलेली नाहीत.

मुंबईहून सिंगापूर सरळ रेषेत चार हजार किलोमीटरच्या थोडं आत येतं. हा आकडा ऐकून कुणालाच काही कळत नाही. घाबरणारा घाबरतो, न घाबरणारा मान हलवतो. बरं, विमानाची वेळ सांगावी, तर थेट विमानाला साडेपाच तास लागतात. पण हे सांगितलं की खरा घोटाळा सुरू होतो. तिकिटावर निघायची वेळ इकडच्या घड्याळाची असते आणि पोचायची तिकडच्या. सिंगापूरचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे.

डोंबिवलीचे एक निवृत्त बँक मॅनेजर होते. तिकीट घेऊन घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडायच्या आधी जिन्यात उभे. म्हणाले, "मॅडम, मी वजाबाकी केली. जाताना आठ तास आणि येताना तीन? तुम्ही मला जाताना डबडं विमान दिलंय. मला जातानासुद्धा ते येतानाचंच विमान पाहिजे." मी कागदावर दोन घड्याळं काढली, सूर्य काढला, बाण काढले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे जाताना माझे अडीच तास कापून घेणार आणि येताना परत करणार. तेही बिनव्याजी." मी म्हटलं, हो, तसंच. मग त्यांचं समाधान झालं. पुढे ते माझे कायमचे गिऱ्हाईक झाले.

म्हणून मी एकच वेळ सांगते: आपल्या उंबऱ्यापासून त्यांच्या उंबऱ्यापर्यंतची. घरातून निघायचं, हायवेला अडकायचं, तीन तास आधी विमानतळावर पोचायचं, रांगा लावायच्या, उडायचं, उतरायचं, परत रांगा, सामान, टॅक्सी. साडेपाचाचे बघता बघता तेरा-चौदा होतात. गिऱ्हाईकाचं तोंड उतरतं. त्याला वाटतं, मी सिंगापूर मुद्दाम लांब नेऊन ठेवलंय. हल्ली मोबाइल पटकन साडेपाच सांगून मोकळा होतो, त्यामुळे लोकांना मोबाइलच जास्त आवडतो.

माझ्या धंद्याचा मोठा भाग बाळंतपणांवर चालला, हे बाहेरच्या लोकांना सांगितलं तर हसू येतं. पण ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या लेकी सुना सिंगापूरला, टोकियोला, दुबईला गेल्या. सातव्या-आठव्या महिन्यानंतर विमान कंपन्या गरोदर बाईला घेताना का-कू करतात. मग लेकीला माहेरी यायला जमत नाही, म्हणून माहेरच विमानात बसून लेकीकडे जायला लागलं. डिंकाचे लाडू, आळीव, बाळंतशेप, जुन्या सुती साड्यांची दुपटी, हे सगळं घेऊन आया निघतात. एकीने बाळाला मांडीवर आडवं घालून न्हाऊ घालायला पाट नेला होता. मी म्हटलं, तिथे मिळेल काहीतरी. ती म्हणाली, मिळेल, पण मला त्याच्यावर बसता येईल का?

या आयांसाठी मी एक शिरस्ता पाळला. व्हिसाचे कागद आधी करायचे, तिकीट मागून. मूल कॅलेंडर बघून येत नाही. तिकीट तासाभरात निघतं, व्हिसा तासाभरात निघत नाही. हा शिरस्ता नसता तर दोन वर्षांपूर्वीच्या नवरात्रात हिरामावशींचं काय झालं असतं, हा विचार मी करत नाही.

हिरामावशी माजिवड्याच्या. जुन्या आगरी घरातल्या. एके काळी त्यांची शेतं होती. आता तिथे टॉवर उभे आहेत आणि टॉवरच्या मधोमध यांचा दुमजली बंगला, पुढे तुळस, मागे चिंच. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा संतोष, तिशीतला, लग्नाचं बघत होते. गळ्यात जाड चेन, पांढराशुभ्र शर्ट, दारात दोन जेसीबी. तो माझा जुना ग्राहक. दरवर्षी मित्रांची टोळी घेऊन बँकॉकला जायचा आणि जाताना सुकटीची चटणी, तांदळाच्या भाकऱ्या आणि ठेचा बांधून न्यायचा. तिकडचं काही आवडतं का, असं मी एकदा विचारलं. "आवडतं ना मॅडम, पण जेवायचं नाय," तो म्हणाला.

त्याची धाकटी बहीण प्राची. शिकली, कॉम्प्युटरमधली नोकरी, डोंबिवलीच्या अमोलशी लग्न आणि दोघं सिंगापूरला. तिचे दिवस दिवाळीच्या सुमाराला भरत होते. गणपती उठल्यावर संतोष आईला घेऊन ऑफिसात आला. हिरामावशींनी खुर्चीवर बसायच्या आधी ती पदराने पुसली.

मी स्क्रीनवर नकाशा दाखवला. मुंबईतून निघून विमान आख्खा देश आडवा कापून चेन्नईच्या बाजूने बाहेर पडतं, मग नुसता समुद्र. मावशींनी बोट लावून विचारलं, "बाय, हा निला निला सगला पानीच?"

"हो. पण विमान वरून जातं मावशी."

"वरशी जाव नायतर खालशी. पानी ओलांडाचाच ना."

मला वाटलं, पहिलाच विमानप्रवास, म्हणून भीती वाटत असेल. मी म्हटलं, सरळ घटस्थापनेच्या आधी निघा, लेकीला जरा आधार होईल. त्यावर त्यांनी मान ठामपणे हलवली. घट बसवायचा, नऊ दिवस दिवा सांभाळायचा आणि दसरा झाला की मगच उंबरा ओलांडायचा. त्यात बदल नव्हता. आणि मधेच काही झालं तर?

"पयलटकरीन हाय ती," मावशी म्हणाल्या. "पयलटकरनीला वेल लागतं. फोन आला का मी निघन."

संतोष हसत म्हणाला, "मॅडम, साडेपाच तास तर आहेत. मागच्या रविवारी मी अलिबागला गेलेलो, सहा लागले. आई, तू अलिबागच्या आधी पोचशील."

मी माझा नेहमीचा पाढा वाचला. उंबरा ते उंबरा तेरा-चौदा तास, तेही तिकीट हातात असेल तर. संतोषने "हो हो" केलं. मावशींनी माझ्याकडे पाहिलंच नाही, त्यांनी मुलाचे साडेपाच तास पदरात बांधून घेतले होते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाचं थेट विमानाचं तिकीट काढलं. व्हिसा मात्र मी लगेच करून ठेवला.

पाचव्या माळेला सकाळी मी ऑफिसात पोचले तेव्हा नाक्यावर देवीच्या मंडपाला फुलांच्या गाड्या लागल्या होत्या आणि रस्ता निम्मा बंद. शटर वर करतेय तोच संतोषचा फोन. आवाज ओळखू येईना. प्राचीचं ब्लडप्रेशर आदल्या संध्याकाळपासून चढत होतं, पायावर, तोंडावर सूज होती, डोळ्यांपुढे काजवे यायला लागले, तेव्हा अमोलने तिला हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की औषधाने उतरलं तर उद्या सकाळपर्यंत थांबू, नाहीतर मूल काढावं लागेल. प्राचीच्या जिवाला धोका आहे, हेही त्यांनी सरळ सांगितलं होतं.

"मॅडम, साडेपाच तासांत..." तो म्हणाला.

थेट विमान रात्रीचं होतं आणि ते भरलेलं होतं. दुपारी तीनला चेन्नईचं एक विमान, तिथे उतरून बसून राहायचं आणि रात्री सिंगापूरचं दुसरं, पहाटे पोचणारं. त्यात जागा होती. सगळं धरून सोळा-सतरा तास होत होते. मी त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "आई नाय निघत. घट सोडणार नाय बोलते. माझा सिंगापूरचा व्हिसा आहे मागच्या वर्षीचा. माझं काढा."

मी भाचीला दोन्ही नावांनी जागा धरून ठेवायला सांगितलं आणि रिक्षा केली. धंद्याच्या नियमात हे बसत नाही. गिऱ्हाईकाच्या घरात काय चाललंय, त्यात नाक खुपसायचं नाही, असं मी भाचीला शिकवलेलं आहे.

मावशी देवघरात भिंतीला टेकून बसल्या होत्या. समोर घट, मातीत धान्य बोटभर वर आलेलं, वर टांगलेल्या चार माळा सुकलेल्या आणि पाचवी ताजी. बाजूला समईत अखंड दिवा. मावशींच्या हातात तेलाची लहान किटली होती आणि ती त्या खाली ठेवत नव्हत्या. संतोष दारात उभा होता.

मी म्हटलं, "मावशी, पोरीला भाऊ नकोय हो आत्ता. आई पाहिजे."

त्या माझ्यावर चिडल्या. चिडल्या हे बरं झालं, कारण मग बोलायला लागल्या.

त्यांचं माहेर खाडीच्या पलीकडच्या काठाचं. तेव्हा पूल नव्हता. थोरली बहीण मंजुळा, तिचं पहिलं बाळंतपण, सुईणीच्या हाताबाहेर गेलं. दवाखाना डोंबिवलीच्या बाजूला. होडीत घातली. बाप आणि भाऊ वल्हवायला, आई उशाशी, आणि लहान हिराला घरी कुणाजवळ ठेवणार, म्हणून तीही होडीत. अर्धी खाडी पार झाली आणि ओहोटी लागली. पाणी उतरत गेलं आणि होडी चिखलात बसली.

"समोर धक्का दिसत व्हता बाय," मावशी म्हणाल्या. "धक्क्यावरची मानसा दिसत व्हती. इथून तो चिंचंचा झार हाय ना, तेवरा पन नाय. भाव माजा छातीपरत चिखलात उतारला, होरी ढकलीत व्हता. बापूस आरडत व्हता. पानी भरलं तवा आमी पलीकरं गेलो. मंजुला वाटंतच गेली."

त्या वर्षी त्यांच्या आईने घट मांडला. घरातल्या लेकी-सुना सुखरूप सुटाव्यात, एवढंच मागणं. आईच्या मागे तो घट हिरामावशींनी माजिवड्याला आणला. नियम आईनेच घालून दिलेले. बाईनेच तेल घालायचं, नऊ दिवस अंगण सोडायचं नाही, दिवा विझू द्यायचा नाही. त्यानंतर त्या घरात, भावकीत, कुणी लेक बाळंतपणात गेली नव्हती.

"आनि आता माज्या पोरीचा वेल आला, तर मी दिवा सोरून जाऊ?" त्या म्हणाल्या. "हा दिवा कोनासाठी जालला मी इतकी वर्सा?"

मी विमानाच्या वेळा सांगायला आले होते आणि या बाईला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं की अंतर म्हणजे काय. तिने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. भावकीतल्या दुसऱ्या कुणी बाईने येऊन बसावं म्हटलं, तर प्रत्येकीच्या घरी आपापला घट. आणि हा घट घरच्याच माणसाने सांभाळायचा. भिंतीवरच्या घड्याळाकडे मी बघू नये म्हणून बघत नव्हते, पण अकराच्या आत गाडी निघाली नाही तर तीनचं विमान गेलं, हे डोक्यात चालूच होतं.

संतोष दारातून आत आला. त्याने चप्पल आधीच काढलेली होती. आता गळ्यातली चेन काढून खिशात टाकली, शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि समईसमोर मांडी घालून बसला.

"दे," तो म्हणाला आणि किटलीसाठी हात पुढे केला.

"पुरुस नाय चालत," मावशी म्हणाल्या.

"मामा उतरलेला ना चिखलात?"

मावशींनी किटली मागे घेतली.

"लहानपणापासून सांगते मला तू. मामा छातीपर्यंत उतरलेला. तो पुरुषच होता ना? त्याला कोणी बोललं काय, की तू बाजूला हो, हे बायकांचं काम आहे?" हात त्याने तसाच पुढे ठेवला. "साडेपाच तास मी बोललेलो. माझ्या भरवशावर तू थांबलीस. आता मी इथून उठत नाय. नऊ माळा होईपर्यंत अंगण सोडणार नाय. आईशपथ."

मग मावशींनी किटली त्याच्या हातात दिली. नुसती दिली नाही, त्याच्या हातावर आपला हात धरून एकदा तेल घालून दाखवलं. "वात बुडवू नको. थोरा थोरा घाल. डोल्याला डोला लावू नको," एवढं सांगितलं आणि उठल्या. गुडघ्यांना रग लागली होती, म्हणून भिंत धरून उठल्या.

पुढचं सगळं धावपळीचं. लाडू झालेलेच नव्हते. सुंठ, ओवा, दोन साड्या आणि देवीचा अंगारा, एवढं पिशवीत कोंबलं. गाडीत मीच बसले त्यांच्याबरोबर. माजिवड्याच्या पुलाखाली सिग्नलला अडकलो तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "बाय, आता तिथं किती वाजलं?" मी सांगितलं. "म्हंजी ते आमच्या फुरं हायेत," त्या म्हणाल्या आणि बाहेर बघत राहिल्या.

विमानतळावर मी व्हीलचेअर मागवली. हा माझा आणखी एक शिरस्ता. ज्यांना इंग्रजी येत नाही आणि पहिल्यांदाच विमान बदलायचंय, त्यांच्यासाठी, पाय कितीही धडधाकट असले तरी, खुर्ची. बसणाऱ्याला वाट ठाऊक नसते, पण ढकलणाऱ्याला असते. चेन्नईत एका विमानातून दुसऱ्या विमानात माणूस हरवायचा असेल तर असा हरवतो, आणि हरवू द्यायचा नसेल तर खुर्चीइतकं खात्रीचं दुसरं काही नाही. मावशींचा संताप झाला. "मी काय लंगरी हाय? दोन हंडे घेऊन चालायची मी." मी म्हटलं, मावशी, बसा, लवकर पोचाल. मग लगेच बसल्या. काचेच्या दरवाजातून आत जाताना पिशवी छातीशी धरलेली होती. मागे वळून त्यांनी मला एवढंच विचारलं, "तेल फुरलं ना गो घरात?" मी म्हटलं, पुरेल.

चेन्नईला त्या नीट उतरल्या, नीट बसल्या, हे मला विमान कंपनीतल्या ओळखीच्या माणसाने कळवलं. त्यानंतर त्यांचं दुसरं विमान उडालं आणि मग अमोलचा संतोषला फोन आला. ब्लडप्रेशर उतरत नव्हतं, प्राचीला आकडीचा झटका आला होता, डॉक्टर थांबणार नव्हते. तिला आत नेलं होतं.

आमच्या धंद्यात माणूस विमानात असतो तेवढा वेळ तो कुठेच नसतो. इकडचा नाही, तिकडचा नाही. फोन लागत नाही. मला या गोष्टीचं एरवी बरंच वाटायचं, कारण गिऱ्हाईक उडालं की आपली जबाबदारी संपते. त्या वेळी मात्र पहिल्यांदा वाटलं की हे वाईट आहे. समुद्रावर कुठेतरी एक आई पिशवी धरून बसली होती आणि पोरीचं काय झालं, हे तिच्याआधी आम्हा सगळ्यांना कळणार होतं. संतोषने मला मेसेज पाठवला, "काय करू?" मी लिहिलं, "दिवा बघ."

सहाव्या माळेला सकाळी मी ऑफिसला न जाता माजिवड्याला गेले. दार उघडंच होतं. संतोष तिथेच, त्याच जागेवर. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले, कालचाच शर्ट, त्यावर तेलाचे डाग. घटावर सहावी माळ चढवलेली होती, जरा वाकडी. गाठी मारताना फुलं चुरगळली होती, पण मोजून बरोबर होती. मी चहा करायला आत गेले, तर गॅसवर रात्रीचा चहा तसाच होता.

त्याने मला जे सांगितलं ते असं. मूल काढलं होतं. मुलगी, अगदी लहानखुरी, काचेच्या पेटीत ठेवली होती, पण श्वास स्वतःचा घेत होती. प्राची मात्र शुद्धीवर नव्हती. झटक्यानंतर औषधांच्या गुंगीत होती. डॉक्टर म्हणाले होते, जागी होईल तेव्हा ओळखते का, बोलते का, ते बघू. त्याआधी काही सांगता येणार नाही. आई विमानतळावरून निघाली होती.

आम्ही दोघं बसून राहिलो. मी चहा केला, तो त्याने घेतला नाही. मी त्याला बँकॉकबद्दल काहीतरी विचारलं आणि त्याने काहीतरी उत्तर दिलं.

मग फोन वाजला. अमोलचा व्हिडिओ कॉल. संतोषने घटाकडे पाठ केली आणि मोबाइल समोरच्या भिंतीला टेकवून उभा केला. आधी नुसतं छत दिसलं, मग अमोलचा अर्धा चेहरा. तो हळू आवाजात म्हणाला की नर्सने दोन मिनिटं दिलीत, आई आत गेल्यात. फोन फिरला. पलंग दिसला, नळ्या दिसल्या, आणि पलंगाशेजारी आमच्या हिरामावशी, डोक्यावर पदर, अंगावर हॉस्पिटलचा निळा झगा. त्यांनी प्राचीच्या कपाळाला अंगारा लावला होता आणि तिच्या सुजलेल्या पायांवरून हात फिरवत होत्या. "प्राचू," त्या म्हणत होत्या, "आय आलीय गो. बघ. मी आलीय."

बराच वेळ काही झालं नाही. संतोष पुढे वाकून स्क्रीनमध्ये शिरल्यासारखा बसला होता. मावशी तेच तेच म्हणत होत्या, आवाज न चढवता. मग प्राचीने डोळे उघडले. आईकडे पाहिलं. ओळखलं की नाही, ते आम्हाला इतक्या लांबून कळेना. तिचे ओठ हलले. मावशींनी कान जवळ नेला आणि अमोलला खूण केली. अमोलने फोन प्राचीच्या तोंडासमोर आणला.

"घट?" ती म्हणाली. एवढंच.

मावशींनी तिला स्क्रीनकडे बोट करून दाखवलं. प्राची बघत राहिली. इकडे पिंजारलेल्या केसांचा भाऊ, त्याच्यामागे सहा माळा, बाजूला समई. संतोषला हसायचं होतं, पण त्याचं तोंड वेडंवाकडं झालं आणि गालांवरून पाणी यायला लागलं.

प्राचीने डोळे बारीक केले. बहीण भावावर खेकसते तशी, पण अगदी खोल गेलेल्या आवाजात ती म्हणाली, "दादा, तेल घाल."

आम्ही दोघांनी एकदम समईकडे पाहिलं. वात कोरडी पडत आली होती, ज्योत बारीक झाली होती, आणि इथे बसलेल्या आम्हा दोघांपैकी एकाचंही लक्ष नव्हतं. संतोषने घाईघाईने किटली उचलली. निम्मं तेल समईखालच्या पाटावर सांडलं, पण ज्योत मोठी झाली.